किनारा कोणाच्या मानेवर

मर्सा लुबानच्या नौदल मुख्यालयात चीफ खमैसचं अर्धं आयुष्य एका बिनखिडकीच्या खोलीत गेलं. समुद्र भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस नकाशावरच्या निळ्या रंगाकडे बघत बसलेला. केर्केन्ना बेटावर पाण्यात पाय सोडून लहानाचा मोठा झालेल्या माणसाची अशी थट्टा सरकारी नोकरीच करू जाणे.

इमारत बाहेरून देखणी होती. पांढऱ्या भिंती, निळी दारं, अंगणात दोन जुन्या तोफा आणि त्यांच्यावर वाळत घातलेले भटारखान्याचे टॉवेल. वरच्या मजल्यावर कमांडर सी जुहैर (‘सी’ म्हणजे इकडचं ‘साहेब’), त्यांच्या शेजारच्या खोलीत उपप्रमुख सी लमीन, खाली ऑपरेशन रूम, मागे कार्यशाळा आणि भांडार. उत्तरेच्या दीपगृहापासून सरहद्दीपर्यंतचा सगळा किनारा या इमारतीच्या अखत्यारीत. चोरटा माल इथेच पकडायचा, बंदीच्या मोसमात टाकलेली जाळी इथूनच उचलायची, दिवा विझला तर इथूनच माणूस पाठवायचा, होडी बुडायला लागली तर इथूनच नौका सोडायची. एखाद्या मंत्र्याच्या मेव्हण्याला समुद्राची हवा खायची असली तर तीही इथूनच खिलवायची. हुकूम वरून खाली यायचे, अहवाल खालून वर जायचे, आणि मध्ये ऑपरेशन रूमच्या दारात चीफ खमैस उभा असायचा. दोन्हीकडचे धक्के त्यालाच बसत.

या मुख्यालयात एक जुनी रीत होती. कमांडर गाव सोडून निघाला की त्यानं खाली यायचं, नकाशासमोर उपप्रमुखाला उभं करायचं आणि म्हणायचं, “किनारा तुमच्या मानेवर.” उपप्रमुखानं म्हणायचं, “माझ्या मानेवर.” मग खोलीतल्या सर्वात जुन्या चीफनं, म्हणजे शिपायांच्या मुकादमानं, म्हणायचं, “ऐकलं.” हा तिसरा शब्द उच्चारला गेला की अधिकार हललेला. कागद मागाहून यायचा, कधी यायचाही नाही, पण राजधानीतून फोनवर “किनारा कोणाकडे?” असं विचारलं की ज्याच्या मानेवर तो शेवटचा बसला त्याचंच नाव सांगायचं. ही रीत कोणी घातली ते कोणालाच आठवत नव्हतं. खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावल्यावर तिथे जबाबदारीला जागा उरत नाही म्हणून ती मानेवर ठेवत असावेत, असं खमैस गमतीनं म्हणायचा. अर्थात हे तो भटारखान्यात म्हणायचा, वरच्या मजल्यावर नाही.

“ऐकलं” म्हणण्याचं काम बरीच वर्षं त्याच्याकडेच होतं. कान मोठे, तोंड लहान, असा त्याचा लौकिक. पण त्या हिवाळ्यात त्याचं मन तिथे उरलं नव्हतं. नोकरीची मुदत संपली होती. निवृत्तीचा अर्ज सी जुहैरांच्या टेबलावर पोचला होता आणि शुक्रवारच्या आत सही करतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. कमांडरची सही झाल्याशिवाय या किनाऱ्यावरचा माणूस काय, मांजरही सुटत नसे.

बेटावर त्याची बायको मबरूका वाट बघत होती, आणि वडिलांची शर्फिया, मासे पकडायची जागा. उथळ पाण्यात खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती रोवायच्या. मासा भिंतीच्या कडेकडेनं पोहत आतल्या खोलीत शिरतो आणि मग त्याला परतीची वाट सापडत नाही. बेटावर समुद्राचे असे तुकडे बापाकडून मुलाकडे येतात. पण झावळ्या कुजतात, दर वर्षी नव्या रोवाव्या लागतात, आणि ज्याचा तुकडा ओसाड पडला त्याच्या तुकड्याकडे भाऊबंदांची नजर वळते. वडील गेल्यापासून मबरूका मजूर लावून कशीबशी ती उभी ठेवत होती. आता मजूर मिळेनासे झाले होते आणि चुलतभाऊ सादोक येताजाता विचारत होता, “वहिनी, या वर्षी तुमच्या पाण्यात काय, शेवाळ लावताय का?”

दर गुरुवारी ती पोस्टातून फोन करायची.

“कोण, खमैसच ना? आवाज विसरायला लागले मी.”

“शुक्रवारी सही होतेय, मबरूका. या खेपेला नक्की.”

“नौदलाशीच लग्न लावायचं होतंस. मला कशाला मध्ये घेतलंस?”

“झावळ्या तोडून ठेव. मी आलोच.”

“तू येईपर्यंत झाडाला नव्या फुटतील,” असं म्हणून ती फोन ठेवायची. पण झावळ्या तोडून ठेवायची.

त्या बुधवारी सकाळीच राजधानीतून फर्मान आलं. सगळ्या किनाऱ्यांच्या कमांडरांनी संध्याकाळच्या बैठकीला हजर व्हावं. सी जुहैरांची दाढ आदल्या दिवसापासून ठणकत होती. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, त्यावर लवंगेच्या तेलात भिजवलेला रुमाल, आणि डोळ्यांत पाणी. ते घरूनच गाडीत बसले. मुख्यालयाच्या फाटकाशी गाडी थांबली ती फक्त टपालाची पिशवी घ्यायला. पिशवी घेऊन खमैसच बाहेर गेला होता. त्या निमित्तानं सहीची आठवण करून द्यावी, एवढाच त्याचा हेतू. तेवढ्यात सी लमीन घाईघाईनं बटणं लावत आले.

“सीदी, दोन मिनिटं खाली येता का? रीत उरकून घेऊ.”

सी जुहैरांनी रुमाल काढला नाही. डोळे मिटले, मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते देवाला ठाऊक, आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली. गाडी निघाली. पहारेकरी फाटकाच्या अडसराशी झटत होता, त्यानं काही पाहिलं नाही.

“घ्या,” सी लमीन धुळीकडे बघत म्हणाले. “किनारा गाडीत बसून गेला.”

खमैस हसला. आपल्या सहीचं राहूनच गेलं याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं.

सकाळच्या चहाची वेळ टळत होती तेव्हा भूशिराच्या टेहळणी नाक्यावरून फोन आला. ऑक्टोपस धरायला पाण्यात सोडलेली मडकी उचलायला गेलेली एक होडी बंद पडली होती. पश्चिमेचा वारा उठला होता आणि होडी उघड्या समुद्राकडे वाहत चालली होती. आतल्या लोकांनी वल्ह्याला सदरा बांधून वर धरला होता. दुर्बिणीतून माणसं मोजता येत होती. पाणी उपसताना दिसत होती.

धक्क्यावर गस्तीनौका तयारच होती. तिचा लेफ्टनंट रेडिओवर ओरडला, “इंजिन गरम आहे, दोर सोडू का?”

इथे गाडं अडलं. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावरची नौका शेजारच्या देशाच्या पाण्यात शिरून नको तो तमाशा झाला होता. तेव्हापासून राजधानीचा कडक हुकूम होता: ज्याच्या मानेवर किनारा आहे त्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय एकही नौका धक्का सोडणार नाही. आणि किनारा तर गाल धरून राजधानीच्या रस्त्यावर होता. गाडीत रेडिओ नव्हता. पोचायला संध्याकाळ होणार.

सी लमीननी राजधानीला फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न केला, “किनारा कोणाकडे?”

“कमांडर प्रवासात आहेत.”

“तुमच्याकडे सोपवून गेले का?”

सी लमीननी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“सोपवला असेल तर तुम्ही हुकूम द्या, मला का विचारता? सोपवला नसेल तर कमांडरना शोधा,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तोही बरोबरच होता म्हणा. या रचनेत प्रत्येक जण आपापल्या पायरीवर बरोबर उभा असतो आणि माणूस मधल्या पायरीवरून खाली पडतो.

सी लमीन भित्रे नव्हते. तरुणपणी त्यांनी एकदा न विचारता नौका सोडली होती, माणसं वाचवली होती, आणि त्याबद्दल कितीतरी वर्षं त्यांची बढती अडकून पडली होती. बरोबरचे लोक वर गेले, हे इथेच राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस होता तो. ते नकाशासमोर येरझारा घालत होते, रेडिओवर लेफ्टनंट “दोर सोडू का?” विचारत होता, आणि नाक्यावरचा शिपाई दर थोड्या वेळानं सांगत होता की होडी आणखी लांब गेली. मग त्यानं सांगितलं की सदरा दिसेनासा झाला.

सी लमीन थांबले. वळले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “चीफ, सकाळी फाटकाशी तुम्ही होतात. कमांडर मला काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत?”

खोलीतले सगळे खमैसकडे बघायला लागले. टेलिफोनवाला, नकाशावाला, दारातला शिपाई. सी लमीन मात्र त्याच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. काही म्हणालेच नव्हते कमांडर, हे त्या दोघांशिवाय इथे कोणालाच माहीत नव्हतं. खरं सांगितलं तर शुक्रवारी सही, शनिवारी बेट. खोटं सांगितलं आणि ते बाहेर आलं तर पेन्शन गेली, आणि वर तुरुंग. त्या होडीतल्या कोणालाही तो ओळखत नव्हता. पण उथळ पाण्यातल्या माणसाला खोल पाण्याची केवढी भीती असते, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती त्याच्याच रक्तात होती.

“हो, सीदी,” तो म्हणाला. “म्हणाले, किनारा तुमच्या मानेवर. तुम्ही म्हणालात, माझ्या मानेवर. मी म्हणालो, ऐकलं.”

सी लमीननी रेडिओ उचलला. “सोड दोर.”

दुपारी नौका परत आली. होडीतले सगळे जिवंत होते. घोंगड्या पांघरून, दात वाजवत, धक्क्यावर बसून तांबडा कडक चहा पीत होते. भटाऱ्यानं त्यांना हरीसाचं तिखट वाटण घातलेलं गरम सार वाढलं. त्यातला एक म्हातारा रडत होता आणि मध्येच हसत होता. टेलिफोनवाल्यानं खमैसच्या पाठीवर थाप मारली. “चीफ, बरं झालं तुम्ही फाटकाशी होतात!” आपण चांगलं केलं हे त्याला कळत होतं, आणि तरी त्यानं आपल्या साराचा वाडगा तसाच खाली ठेवला.

सी जुहैर शनिवारी परतले. दाढ काढून आले होते, चेहरा जागेवर आला होता. राजधानीत भर बैठकीत त्यांचं कौतुक झालं होतं: स्वतः प्रवासात असतानाही ज्यांचा किनारा जागा असतो असे कमांडर. कौतुक ऐकेपर्यंत त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी आधी सी लमीनना बोलावलं. दार बराच वेळ बंद होतं. मग खमैसला.

“बसा, चीफ.”

खमैस बसला नाही. या खोलीत चीफ बसत नसत.

“बुधवारी सकाळी माझा जबडा उघडत नव्हता,” सी जुहैर शांतपणे म्हणाले. “बायकोनं नळीनं पाणी पाजलं मला. आणि तुम्ही माझ्या तोंडून सबंध वाक्य ऐकलंत.”

“सीदी, माणसं बुडत होती.”

“माहीत आहे. मी असतो तरी नौका सोडलीच असती. त्याबद्दल मी तुम्हाला शब्दानं बोलणार नाही.” ते खिडकीशी गेले. “पण हे वाक्य मी म्हणालो नाही असं आता मी कसं सांगू? म्हणजे किनारा वाऱ्यावर टाकून मी गेलो, असंच ना? लमीननी खोट्या अधिकारावर नौका सोडली. तुम्ही खोटी साक्ष दिलीत. आपण तिघंही एकाच होडीत बसलोय, चीफ.”

“मी कोणाला सांगणार नाही, सीदी. माझ्या आईच्या कबरीची शपथ.”

“आज नाही सांगणार. बेटावर गेलात, कॉफीच्या दुकानात रोज संध्याकाळी तीच तीच माणसं, पत्ते, गप्पा. त्या होडीवाल्यांपैकी कोणीतरी तिथे येईल, तुमचे हात धरेल. मग?” त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला आणि खणात टाकला. रागानं नाही, नीट, दुमडून. “इथे असलात की तुम्ही माझ्या हाताखाली आहात. विचारल्याशिवाय बोलता येत नाही तुम्हाला. मला झोप लागेल. विशेष गरज म्हणून मुदत वाढवतो. पगारही थोडा वाढेल.”

“सीदी, माझी शर्फिया आहे. बायको एकटी आहे.”

“मला वाईट वाटतं,” सी जुहैर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच जास्त वाईट होतं. दुष्ट माणसाला निदान शिव्या देता येतात.

गुरुवारी मबरूकाचा फोन आला. “झावळ्या तोडून दारात ठेवल्यात. कुठल्या बोटीनं येतोस?”

“सही झाली नाही. मुदत वाढवलीय.”

ती म्हणाली, “काय केलंस?”

“काही नाही.”

“काही नाही केलं म्हणून कोणी कोणाला डांबून ठेवत नाही, खमैस. चोरी केलीस? कोणाला मारलंस? सांग ना.”

“सांगता येत नाही.”

“मला? मला सांगता येत नाही?” तिच्या आवाजात राग नव्हता, ती घाबरली होती. “तुझ्या खोलीत बसून बसून तुझी जीभच गेली रे.”

त्या वसंतात सादोकनं त्यांच्या पाण्यात आपल्या झावळ्या रोवल्या. “भाऊ आला की परत देईन,” असं तो मबरूकाला म्हणाला. मबरूकानं दारातल्या झावळ्या चुलीत घातल्या. होडीतला तो म्हातारा जावयाला घेऊन मुख्यालयात आला. वाळवलेल्या ऑक्टोपसची माळ त्यानं सी जुहैरांना दिली, त्यांचा हात डोळ्यांना लावला. जाताना जिन्यात त्यानं खमैसला विचारलं, “बाबा, बाहेर जायची वाट कुठली?” खमैसनं हात करून दाखवली.

वर्षं गेली. सी लमीनची अडलेली बढती त्या एका नौकेच्या जोरावर सुटली आणि ते राजधानीत मोठ्या हुद्द्यावर गेले. जाताना त्यांनी खमैसचा हात दोन्ही हातांनी दाबला. दर वर्षी खमैस अर्ज करायचा, दर वर्षी मुदत वाढायची. बरोबरीचे चीफ घरी जाऊन आजोबा झाले. रजेवर बेटावर गेला की तो सादोकच्या बांधलेल्या भिंतींकडे बघत किनाऱ्यावर बसायचा, आणि मबरूका त्याच्या शेजारी बसायची. आता ती विचारत नसे. शेवटी सी जुहैरही निवृत्त झाले. खमैसला वाटलं, सुटलो. नव्या माणसाला काय ठाऊक असणार?

नवे कमांडर सी अनीस वयानं तरुण, हसतमुख. कारभार हातात घेतल्यावर महिन्याभरात त्यांनी त्याला वर बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली.

“चीफ, तुमचा अर्ज वाचला. मला तर लाज वाटली. इतकी वर्षं एका माणसाला असं अडकवून ठेवायचं? मी सही करणार होतो.”

“देव तुमचं भलं करो, सीदी.”

“पण सी जुहैरांनी जाताना मला दोन गोष्टी बजावल्या. भांडाराचं छप्पर गळतं, आणि चीफ खमैसला सोडू नका. छपराचं कळलं. तुमचं नाही कळलं. म्हणून काल मी त्यांना फोन केला. म्हटलं, कारण काय? ते म्हणाले, कारण चीफला माहीत आहे, त्यालाच विचारा.” सी अनीस पुढे वाकले. “तेव्हा सांगा. कसलंही असो. मनात ठेवणार नाही मी. कारण सांगा, आणि आत्ता तुमच्यासमोर सही करतो.”

पेन त्यांच्या हातात होतं. खमैसनं त्या पेनाकडे बघितलं. कारण म्हणजे एक खोटी साक्ष. सांगितलं तर या भल्या माणसाला ते वर कळवावंच लागणार. हुद्दाच तसा होता. मग राजधानीतून सी लमीन ओढले जाणार, सी जुहैर म्हातारपणी चौकशीला उभे राहणार, आणि तो स्वतः या इमारतीतून निघून आणखी लहान खोलीत जाणार. नाही सांगितलं तर इथेच. मबरूकाच्या आवाजातली ती भीती त्याला आठवली आणि डोळे भरून आले. सी अनीस थांबले होते. घाई करत नव्हते.

“मला कारण माहीत नाही, सीदी,” चीफ खमैस म्हणाला.

सी अनीसनी सुस्कारा सोडला आणि पेनाला टोपण लावलं.

“तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही,” ते खरोखरच्या दुःखानं म्हणाले. “मग मी काय म्हणून हुकूम फिरवू?”

खमैस खुर्चीतून उठला, सलाम केला आणि जिना उतरून ऑपरेशन रूममध्ये गेला. टेलिफोनवाल्यानं त्याच्यासाठी चहा झाकून ठेवला होता.